मांड बसण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक प्रश्न उपस्थित झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. नातू एकोणीस वर्षांचा आहे. मोटारसायकलचा परवाना हाती येऊन त्याला तेव्हा सहा महिने झाले होते आणि घरातली १२५ सीसीची गाडी तो कॉलेजला नेत असे. आता त्याला ६५० सीसीची गाडी हवी होती. वडील निम्मे अनुकूल होते, आईचा ठाम विरोध होता, आणि निर्णय माझ्याकडे सोपवण्यात आला. कारण एवढेच की, मोटारसायकलवरून जबर पडल्याचा अनुभव घरात माझ्याच गाठीला आहे. त्याविषयी पुढे लिहीनच.

‘‘आजोबा, माझ्याकडे परवाना आहे. कायद्याने मी कोणतीही गाडी चालवू शकतो,’’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आपल्याकडे ते खरे का, आणि अन्य कित्येक देशांत ते खोटे का ठरते, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा शंभराहून अधिक वर्षांचा एक इतिहास हाती आला. नवख्या स्वाराच्या हाती जोरदार वाहन केव्हा द्यावे, हे ठरवण्याचा तो इतिहास आहे. आपल्या घराघरांत आज हाच प्रश्न उभा असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

ज्यांचे पूर्वज होळकर, शिंदे वा गायकवाड यांच्या घोडदळाबरोबर या मुलखात आले, त्या घराण्यांना हा प्रश्न अगदीच परका नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिवकाळातील पागेच्या रचनेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे बारगीर एकटा नसे. घोडा आणि स्वार या दोघांवरही जाणत्यांची नजर असे. शिवाय घोडा हा स्वतःच एक परीक्षक असतो. मांड कच्ची असेल तर तेजस्वी जनावर ते पहिल्या काही क्षणांतच ओळखते, अडते किंवा खाली उतरवते. पुढे भिंत दिसली तर स्वाराने टाच मारली तरी ते आपणहून थबकते. यंत्राला असा विवेक नाही. चाळीस अश्वशक्तीची मोटारसायकल कोणालाही नाकारत नाही. मूठ पिळली की ती निघते. पिळणाऱ्याची तयारी किती, हे ती पाहत नाही. जनावराने करावयाची परीक्षा अशा रीतीने माणसांवर येऊन पडली, आणि माणसांनी ती कशी केली, हाच या विषयाचा इतिहास आहे.

आरंभी वयापलीकडे कोणी पाहिले नाही. इंग्लंडमधील १९०३ च्या मोटार कायद्याने मोटार चालवण्यास सतरा वर्षांची अट घातली, पण मोटारसायकलला चौदा वर्षे पुरेशी मानली. त्या काळच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन जोडलेल्या सायकलीच होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे नवल वाटत नाही. १९३० च्या कायद्याने ही मर्यादा सोळावर नेली आणि १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. मोटारसायकलची परीक्षाही मोठी गमतीची असे. परीक्षक पदपथावर कागद घेऊन उभा राही, उमेदवार ठरलेल्या गल्ल्यांना वळसा घालून येई आणि मध्येच परीक्षक हात वर करून रस्त्यावर पाऊल टाकी. तेवढ्यात गाडी नीट थांबली की काम झाले. वय आणि ही परीक्षा यांखेरीज कायद्याला कशाशीच कर्तव्य नव्हते.

परिणामी १९५९ मध्ये ट्रायम्फ कंपनीची ६५० सीसीची ‘बॉनव्हिल’ बाजारात आली तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा शिकाऊ परवान्यावर, गाडीला ‘एल’ची पाटी लावून, ती रस्त्यावर आणू शकत होता. तिची शक्ती सुमारे ४६ अश्वशक्ती होती. महायुद्धोत्तर इंग्लंडमध्ये कामगारांच्या मुलांच्या हाती प्रथमच पैसा खेळू लागला होता आणि ताशी शंभर मैलांचा वेग गाठणे ही त्यांच्यात प्रतिष्ठेची बाब झाली होती. अपघातांचा बोभाटा झाला, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, आणि १९६१ मध्ये शिकाऊ स्वारांवर २५० सीसीची मर्यादा आली. स्वाराने पायरीपायरीने वर चढावे, हे तत्त्व इंग्रजी कायद्यात तेव्हा प्रथम आले.

मात्र पायरी मोजावयाची कशाने, हा प्रश्न राहिलाच. कायद्याने इंजिनाचे आकारमान मोजले. कारखानदारांनी त्याच आकारमानात अधिकाधिक शक्ती कोंबली. रॉयल एन्फिल्डने १९६४-६५ च्या सुमारास ‘कॉन्टिनेंटल जीटी’ नावाची २५० सीसीची गाडी काढली. वाकलेली मूठ, लांबट टाकी, शर्यतीच्या गाडीचा सारा थाट तिला होता आणि तिचा मुख्य ग्राहक हा शिकाऊ परवान्याचा तरुणच होता. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जपानी टू-स्ट्रोक २५० सीसीच्या गाड्या ताशी शंभर मैलांच्या घरात पोहोचल्या. नव्या स्वाराला ज्या वेगापासून दूर ठेवण्यासाठी नियम केला, तो वेग नियमाच्या चौकटीतच येऊन बसला. त्याआधी डिसेंबर १९७१ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीच्या मोपेडपुरते मर्यादित करण्यात आले होते. तर कारखानदारांनी पायडल लावलेल्या पण मोटारसायकलीसारख्या पळणाऱ्या मोपेड बाजारात आणल्या. शेवटी १९८३ मध्ये शिकाऊंसाठी मर्यादा १२५ सीसीवर उतरली आणि तिला शक्तीच्या मर्यादेची जोड मिळाली. शिकाऊ परवान्यावर वर्षानुवर्षे काढण्याची मुभाही गेली. १९९० पासून तर रस्त्यावर येण्यापूर्वी प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचे झाले.

जपानने याहून कठोर मार्ग धरला. तेथे १९७५ मध्ये परवान्याचे तुकडे झाले आणि ४०० सीसीवरील गाडीसाठी पोलिसांच्या परीक्षाकेंद्रावर स्वतंत्र परीक्षा देणे भाग पडले. ती इतकी अवघड होती की बहुसंख्य तरुण ४०० सीसीलाच थांबले. होंडाची त्या वेळची एक लोकप्रिय गाडी ४०८ सीसीची होती. केवळ आठ सीसींमुळे ती नव्या मर्यादेबाहेर जाऊ लागली, तेव्हा कंपनीने १९७६ मध्ये तिचे इंजिन ३९८ सीसीचे करून घेतले. कायद्याची एक ओळ कारखान्यातल्या सिलिंडराचे माप कसे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय. याच सुमारास तेथील शाळा व पालक यांच्यात दुसरी चळवळ उभी राहिली. परवाना काढू द्यायचा नाही, गाडी घेऊ द्यायची नाही आणि चालवू द्यायची नाही, अशी तिची त्रिसूत्री होती. १९८२ मध्ये तेथील उच्च माध्यमिक शाळांच्या पालकसंघटनेने देशपातळीवर तिचा पुरस्कार केला. पण मुले शाळेतून बाहेर पडताच गाडीवर बसणार, ती अशिक्षित अवस्थेतच बसणार, हा आक्षेप वाढत गेला. सैतामा प्रांताने २०१९ मध्ये ही बंदी उठवून तिच्या जागी विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले. बंदीने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही, हे समजण्यास तेथे जवळजवळ चार दशके लागली. ४०० सीसीवरील परवान्याचे शिक्षण नेहमीच्या प्रशिक्षणशाळांतून घेण्याची सोय मात्र १९९६ मध्येच झाली होती.

युरोपाने या साऱ्या अनुभवातून अधिक नेमके माप शोधले. २००६ च्या निर्देशानुसार जानेवारी २०१३ पासून तेथे तीन प्रमुख पायऱ्या आहेत. पहिली १२५ सीसी व ११ किलोवॅटपर्यंत. दुसरी ३५ किलोवॅटपर्यंत. तीत गाडीच्या दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅटहून अधिक शक्ती चालत नाही, आणि दुपटीहून अधिक शक्तीची गाडी तात्पुरती बांधून खाली आणली, असेही चालत नाही. तिसरी पायरी अमर्याद. ती दुसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढल्यानंतर मिळते, किंवा ज्याला थेट तेथे यायचे त्याने वयाची चोवीस वर्षे पूर्ण करावी. म्हणजे वय, शक्ती, वजन आणि अनुभव ही चारही मापे एकत्र आली. ऑस्ट्रेलियातही जुनी २५० सीसीची मर्यादा सोडून शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराकडे नियम वळले.

कायदे असे बदलत असताना अपघाताचा प्रत्यक्ष अभ्यास काय सांगत होता? या विषयातला सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांचा. लॉस एंजलिस परिसरातील ९०० अपघातांची जागेवर जाऊन केलेली पाहणी आणि ३,६०० पोलीस अहवाल यांवर आधारलेला त्यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही निष्कर्ष मी पुन्हापुन्हा वाचले. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वारांनी रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. ते स्वतःच, किंवा घरच्यांकडून अथवा मित्रांकडून शिकले होते. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराला सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी अवधी मिळाला होता. तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. वास्तविक थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे मुख्य काम तेच चाक करते.

मोठ्या इंजिनांच्या गाड्या त्यांच्या संख्येच्या मानाने अपघातात कमी आढळल्या, मात्र आढळल्या तेथे इजा अधिक गंभीर होती, असेही हर्ट सांगतात. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो निष्कर्ष वेगळाच आहे. या स्वारांचा रस्त्यावरचा एकूण अनुभव सरासरीने जवळजवळ तीन वर्षांचा होता; मात्र निम्म्याहून अधिक स्वारांचा ज्या गाडीवर अपघात झाला त्या गाडीवरील अनुभव पाच महिन्यांहूनही कमी होता. म्हणजे माणूस जुना असला तरी गाडी त्याला नवी होती.

हे वाक्य वाचले तेव्हा मला १९८६ सालचा श्रावण आठवला. माझे वय एकतीस होते. नऊ-दहा वर्षे स्कूटर चालवून मी स्वतःला मुरलेला समजत होतो. एका सहकाऱ्याची जोरदार मोटारसायकल दिवसभरासाठी मागून घेतली आणि बावीस वर्षांच्या धाकट्या भावाला मागे बसवून सिमरोलच्या दिशेने निघालो. घाटातील एका वळणावर गती अधिक झाल्याचे लक्षात आले. मी घाबरून मूठ सोडली आणि ब्रेक दाबला. वळणात कललेली गाडी ब्रेक दाबताच सरळ होऊ पाहते आणि वळणाबाहेर जाते, हे मला ठाऊक नव्हते. स्कूटरच्या वेगाला ते ठाऊक असण्याची गरजच कधी पडली नव्हती. आम्ही रस्त्याकडेच्या मुरुमावर घसरलो. माझे गळपट्टीचे हाड मोडले, ते दोन महिन्यांत जुळले. भावाचा गुडघा मात्र पूर्ववत झाला नाही. आजही तो जेवायला पाटावर बसू शकत नाही. मंगळागौर असो की श्राद्ध, त्याच्यासाठी खुर्ची मांडावी लागते. गाडीत काही दोष नव्हता आणि रस्त्याचाही नव्हता. त्या गाडीसाठी मी तयार नव्हतो, आणि तसे मला सांगणारे कोणी नव्हते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास ५० सीसीपर्यंतची दुचाकी आणि अठरा पूर्ण झालेल्यास अन्य वाहन, अशी वयाची विभागणी आहे. मोटारसायकलच्या परवान्याचे वर्ग दोनच : विनागिअर आणि गिअरसह. आरटीओच्या मैदानात शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवला की तोच परवाना हजार सीसीच्या गाडीलाही चालतो. नातवाचे म्हणणे खरे होते ते यामुळे.

मग आपल्याकडे पायऱ्या कधी नव्हत्याच काय? माझ्या मते होत्या. त्या कायद्याने घातलेल्या नव्हत्या, टंचाईने घातलेल्या होत्या. पुण्याच्या कायनेटिकची ५० सीसीची लूना १९७२ मध्ये आली आणि कित्येक घरांतल्या मुलामुलींचे पहिले वाहन झाली. त्याच वर्षी बजाजची चेतक आली. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करणारी ही स्कूटर मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबत. मोटारसायकली होत्या त्या मोजक्याच. मद्रासची बुलेट १९५५ पासून, म्हैसूरची जावा साठीच्या दशकाच्या आरंभापासून आणि एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत. बुलेट जड होती, महाग होती आणि तिला किक मारणे हीच एक परीक्षा होती. मुलगा आधी सायकल चालवी, मग मामाची लूना, मग वडिलांची स्कूटर, आणि नोकरी लागून काही वर्षे झाल्यावर, जमल्यास, मोटारसायकल. तोवर त्याच्या अंगी आठ-दहा पावसाळ्यांचा अनुभव मुरलेला असे. ही शिडी कोणी विचारपूर्वक उभारली नव्हती, पण ती होती.

१९८३ च्या राजदूत ३५० ने या शिडीच्या माथ्यावर एकदम तीस अश्वशक्तींची गाडी आणून ठेवली. परंतु पेट्रोल पिणारी आणि महाग म्हणून ती थोड्यांच्याच घरी गेली व दशक संपता संपता बंद झाली. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या शंभर सीसीच्या गाडीने मोटारसायकल सामान्यांच्या आवाक्यात आणली, तरी तिची शक्ती सात-आठ अश्वशक्तीच होती. खरा बदल नव्या शतकात झाला. २०१२ मध्ये चाकणला तयार झालेली २०० सीसीची केटीएम ड्यूक २५ अश्वशक्तींची होती. तेव्हाच्या ३५० सीसीच्या बुलेटची शक्ती वीसच्या आत होती. ‘सीसी’ विचारून गाडी जोखणारी आमची पिढी येथेच फसली. २०१८ मध्ये रॉयल एन्फिल्डच्या ६५० सीसीच्या दोन गाड्या आल्या आणि त्यातल्या एकीचे नाव पुन्हा ‘कॉन्टिनेंटल जीटी’ ठेवले गेले. एकेकाळी शिकाऊंच्या मर्यादेत बसवलेले ते नाव आता ४७ अश्वशक्तींच्या, दोनशे किलोंच्या गाडीवर आले. ही शक्ती ३५ किलोवॅटच्या किंचित आत बसते. म्हणजे युरोपात ही गाडी दुसऱ्या पायरीवर, स्वतंत्र परीक्षेनंतर मिळते. आपल्याकडे ती पहिलीही असू शकते. मासिक हप्त्यांनी टंचाई संपवली आणि तिच्याबरोबर शिडीही गेली.

कायद्याने काहीच केले नाही, असे नव्हे. २०१८ व २०१९ मध्ये १२५ सीसीवरील गाड्यांना चाक न अडकू देणारी ब्रेकयंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. हर्ट यांच्या अहवालातील घसरणारे चाक आठवले म्हणजे तिचे मोल कळते. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद केली. पण अठरा पूर्ण होताच कायदा बाजूला होतो, आणि उरलेला निर्णय घराला करावा लागतो. बारगिरावर हवालदार असे, त्या जागी आज घरातील वडीलधारी माणसे आहेत. गाडी बहुधा वडिलांच्या पैशातून येते, तेव्हा हा अधिकार त्यांचा आहे आणि जबाबदारीही.

हा सारा इतिहास मी नातवाला सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, ‘‘मग किती वर्षे थांबू?’’ मी म्हणालो, ‘‘वर्षे मी सांगत नाही, कामे सांगतो.’’ घरच्या १२५ वर एक पूर्ण पावसाळा काढायचा, कारण ओल्या रस्त्यावर ब्रेक किती व केव्हा लागतो हे कोरड्यात कळत नाही. मोकळ्या मैदानात ताशी पन्नासवरून दोन्ही ब्रेक बेताने वापरून, चाक न घसरवता, ठरल्या खुणेच्या आत थांबून दाखवायचे, आणि ते दहापैकी दहा वेळा. पाय न टेकता अरुंद रस्त्यात संथ वळण घ्यायचे. जड गाडी अंगावर येते ती वेगात नव्हे, अशाच वेळी. घाटात वळणापूर्वी गती कमी करायची, वळणात नव्हे. थोडक्यात निभावल्याचे प्रसंग घरी येऊन सांगायचे, आणि दरवेळी दोष समोरच्या ट्रकवाल्याचाच निघत असेल तर अजून वेळ आहे असे समजायचे. शेवटचे काम सर्वांत अवघड : मित्र निघाले असता, मन थाऱ्यावर नसेल किंवा झोप अपुरी असेल, तर ‘आज मी येत नाही’ असे म्हणता आले पाहिजे.

मोठी गाडी आली तरी पहिले पाच महिने मागे कोणाला बसवायचे नाही, ही अट माझ्या भावाने घातली. नातू त्याच्याकडे गेला होता. माझ्यापेक्षा चुलत आजोबा सौम्य निघतील, असा त्याचा होरा असावा. भावाने त्याला नको म्हटले नाही. ‘‘घे, पण शिकून घे. आणि तुझ्या मागे जो बसेल त्याने तुझी परीक्षा घेतलेली नसते, एवढे लक्षात ठेव,’’ असे तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने त्या दिवसाविषयी मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. त्या दिवशी प्रथमच तो त्याविषयी काही बोलला, आणि तेही मला उद्देशून नव्हे.

नातवाने यादी आपल्या वहीत लिहून घेतली आहे. त्यातील दोन कामांपुढे त्याने स्वतःच खूण केली आहे, आणि एकापुढची केलेली खूण परवा पुन्हा खोडली. ती त्याने का खोडली, हे मी विचारले नाही. परंतु ती खोडलेली पाहून, गाडी केव्हा घ्यावी याविषयीची माझी चिंता पुष्कळशी कमी झाली.